मायनं सोडलेलं गारीगार

दुपारी चार वाजता आमच्या गल्लीत आइस्क्रीमची गाडी येते आणि त्या वेळी मी कुणाचा नसतो. गंगाखेडला तहसीलच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, घर त्याच्याच पाठीमागं. सातबाराच्या चार प्रती काढायला आलेला माणूस काउंटरवर कोपर टेकून उभा असू दे, नाहीतर लग्नपत्रिका घेऊन आलेला सख्खा सोयरा असू दे, गाडीचा आवाज आला की मी मशीन बंद करतो आणि मागच्या दारानं गल्लीत जातो. लोक हसतात. "अवो, केस पिकले तुमचे," म्हणतात. पिकले तर पिकले. आइस्क्रीम काय केसांनी खायचं असतं का?

गाडी म्हणजे तीनचाकी टमटम. मागं बर्फाची पांढरी पेटी, वर रंग उडालेली छत्री, आणि स्पीकरमधून एका पोरीचा रेकॉर्ड केलेला आवाज, आइस्क्रीम घ्या, कुल्फी घ्या. मधे मधे कुठल्यातरी गाण्याची धून वाजते, ती अर्ध्यातच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गाडीवाला पालमकडचा आहे, लय बोलत नाही. मला काय पाहिजे ते तो विचारत नाही आणि मी सांगत नाही. गाडीला टेकून उभ्या उभ्या खायचं, हात पँटला पुसायचे आणि दुकानात यायचं, असा माझा रिवाज आहे.

हे वेड लहानपणापासूनचं. आमचं गाव गंगेच्या काठी. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात सायकलवर लाकडी पेटी बांधून गारीगारवाला यायचा. गारीगार म्हणजे काय, तर बांबूच्या काडीला गोठवलेलं गोड रंगीत पाणी, लाल नाहीतर नारंगी. वाटीभर ज्वारी दिली की एक मिळायचं. सायकलचा रबरी भोंगा पों पों वाजला की गावातली लेकरं वाट्या घेऊन पळायची.

माझी वाटी माय भरायची. घरात सासू, सासरे, दोन दीर. सुनेनं गारीगार चोखत बसावं, असली रीत नव्हती. म्हणून ती पदराखाली वाटी लपवून आणायची, माझ्या हातात द्यायची आणि गोठ्यात जाऊन कडब्याच्या आडोशाला बसायची. मी गारीगार घेऊन तिथं जायचो. मग एक घोट तिचा, एक माझा. माझी पाळी असली की तिची नजर काडीवरून हलायची नाही, मी जास्त चोखलं तर चिमटा काढायची. तिची जीभ लाल झालेली, आणि ती मला दाखवून हसायलीय, हे मला अगदी स्वच्छ आठवतं. तेव्हा मी चारेक वर्षांचा असेन आणि ती पुरती बाविशीचीही नसेल.

त्याच्यानंतर मायनं गारीगार खाल्लेलं मला आठवत नाही. वाटी भरून द्यायची, पण मी काडी पुढं केली की म्हणायची, "दात ठणकतेत माझे, तूच खा." मी खायचो. दुसऱ्यांदा विचारायचीही तसदी घेत नव्हतो, कारण सगळं मलाच मिळायचं. पुढं गावात कुल्फीवाला आला, मग आम्ही गंगाखेडला राहायला आलो, मग ही टमटम आली. प्रत्येक वेळी मायचं ते एकच, दात ठणकतेत. आणि ही बाई साठी उलटली तरी ऊस दातानं सोलायची. अख्खं टिपरं दाढेत धरून कडाकडा मोडायची. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी बघत होतो आणि मला कधी शंका आली नाही. असला मी शहाणा.

आम्हाला मूल झालं नाही. परभणी झाली, नांदेड झालं, औषधं झाली, माळावरचा एक बाबाही झाला. पुढं आम्ही दोघांनी तो विषय काढायचं सोडलं. माय मात्र एका शब्दानं कधी बोलली नाही. नात्यातल्या कुणी बायकोला टोचून बोललं की मायच त्या बोलणारीच्या अंगावर जायची. तिचं मन लय मोठं आहे असं मी चारचौघांत सांगायचो. तिच्या मनात दुसरं काय चाललेलं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात माय गेली. घशाच्या खाली, जेवण उतरतं त्या नळीत गाठ होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आधी भाकरी बंद झाली, मग भात, मग पेज. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता इलाज करण्यासारखं काही राहिलं नाही. घरी न्या. पथ्य कसलंच नाही. आत आग होईल, त्यांना गार द्या. आइस्क्रीम द्या. ते विरघळत विरघळत उतरतं, त्यांना बरं वाटेल." खोटं कशाला बोलू, त्या बोलण्यानं मला क्षणभर हुरूप आला. एवढ्या सगळ्या दुखण्यात मला कळणारी एकच गोष्ट डॉक्टरांनी सांगितली होती.

त्याच दिवशी चारला मी गाडीवरून चार तऱ्हेचे कप आणले. मायची खाट आम्ही खिडकीशी टाकली होती. मी झाकण काढलं, चमचा भरला, तिच्या तोंडाशी नेला. तिनं चमच्याकडं बघितलं, लय वेळ बघितलं, आणि मान भिंतीकडं वळवली.

"दात ठणकतेत."

"कुठले दात?" मी म्हणालो. "दोन तर ऱ्हायलेत."

"त्येच ठणकतेत."

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशी तेच. पाण्याचा घोट घेतला तरी ती छाती धरून वाकडी व्हायची आणि आइस्क्रीम पुढं केलं की ओठ मिटायची. चौथ्या दिवशी मी ओरडलो. हट्टी आहेस, म्हणालो, मला छळायला बसलीस, म्हणालो, आणि कप भिंतीवर आपटला. माझा राग तसा सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, पण मायवर मी असा कधी ओरडलो नव्हतो. बायकोनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मला काही करता येत नव्हतं म्हणून ओरडत होतो, दुसरं कारण नव्हतं. आणि एक गोष्ट मला दिसत होती, ती तर सहनच होत नव्हती. चार वाजता गल्लीच्या तोंडाशी ती तुटकी धून वाजली की मायचे डोळे उघडायचे आणि खिडकीकडं जायचे. तिला पाहिजे होतं.

मग सोनपेठहून मावशी आली, एसटीनं, एकटीच. मायची धाकटी बहीण. मी तिच्यापाशी गाऱ्हाणं केलं की माय आइस्क्रीम खाईना.  मावशी चुलीपाशी बसल्यासारखी गॅसच्या ओट्याखाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "ती कशी खाईल रे? तिचा नवस हाय. तुला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. मी चार वर्षांचा होतो तेव्हा मला गोवर आला आणि तो आत शिरला. तीन दिवस मी डोळे उघडले नव्हते. गंगेला पूर होता, नाव बंद होती, डॉक्टर पलीकडं. माय मला खांद्यावर टाकून अनवाणी शिवेवरच्या देवीपाशी गेली आणि नवस बोलली. मावशी तेव्हा तिच्यासोबत होती, परकर नेसायची पोर.

"देवीला आवडीची गोष्ट सोडावी लागते," मावशी म्हणाली. "नावडीची सोडली तर ती काय खुळी हाय का? अन् तुझ्या मायला आवडीचं होतं तरी काय? सोनं अंगावर न्हाई, मिठाई कधी बघितली न्हाई. एक गारीगार. म्हणली, माझं लेकरू जगू दे, मोठं होऊ दे. त्याला लेकरू झालं की त्या लेकराच्या हातानं खाईन. तवर बर्फाचं गोड तोंडाला लावणार न्हाई." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "तिला वाटलं, ईस-पंचवीस वर्सांची तर गोष्ट हाय."

बायको पीठ मळत होती. तिनं परात तशीच ठेवली, पिठाच्या हातानं मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी तिच्या मागं गेलो नाही. गेलो असतो तर काय बोललो असतो? लेकरू न होणं हा काही आमचा गुन्हा नव्हता. हे मी स्वतःला हज्जार वेळा सांगितलंय आणि ते खरंच आहे. पण त्या घडीला तो गुन्हाच वाटला, दोघांनाही.

मी मायपाशी जाऊन बसलो. म्हणालो, "माय, मावशीनं सांगितलं मला."

"तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई," माय म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता, कान जवळ न्यावा लागायचा.

"देवीनं मला वाचवलं. झालं की. आता पंचावन्न वर्सांचा घोडा झालो मी. आता मला काय होणार हाय?"

"कायबी होऊ ने म्हणूनच."

"अगं, तुझा जीव जळायलाय आत."

"जळू दे. मी आता चाललेय. जाता जाता नवस मोडू? अन् माघारी तुला काय झालं तर मी कुठून येणार हाय बघायला?"

 मी ज्या तोंडानं तिला खा म्हणत होतो, ते तोंड माझं होतं, आणि ती जो राखत बसली होती तो जीवही माझाच होता. डॉक्टरला सांगितलं तर तो कपाळाला हात लावेल. ओरडून उपयोग नव्हता, रडून उपयोग नव्हता. एकदा बायकोनं शेजारची तीन वर्षांची चिमुरडी आणली, तिच्या हातात चमचा दिला आणि शिकवलं, म्हण, आज्जी, खा. पोरीनं बरोबर म्हटलं. मायनं तिच्या गालावरून हात फिरवला, चमचा तिच्याच तोंडाकडं वळवला आणि आम्हा दोघांना म्हणाली, "देवीला डोळे हायेत." बायको खाली मान घालून पोरीला घेऊन गेली.

शेवटी मी गावाकडं गेलो. मोटारसायकल काढली आणि सकाळीच देवीच्या ठाण्यावर पोचलो. पूर्वी नुसता शेंदूर फासलेला दगड होता, आता पत्र्याचं शेड आहे, खाली फरशी आहे. गुरव मायपेक्षाही म्हातारा. त्याला सगळं सांगितलं. त्यानं नारळाची शेंडी सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नवस बोलला त्यानं फेडावा. त्याला फेडता येईना तर ज्याच्यासाठी बोलला त्यानं आपल्या अंगावर घ्यावा. मग तुझी माय मोकळी. पर तिनं जे सोडलं ते तुला सोडावं लागंल. जलमभर."

मी काही फार देवभोळा माणूस नाही. जत्रेला जातो, नारळ फोडतो, प्रसाद खातो, तेवढंच. पण त्या दिवशी फरशीवर डोकं टेकवून मी मोठ्यानं बोललो. मायचा नवस माझ्या अंगावर घेतला, आजपासून बर्फाचं गोड तोंडाला लावणार नाही, तिला मोकळं कर. गुरवानं भंडारा लावला. उसाच्या फडांमधून गाडी हाणत परत येताना मला हलकं हलकं वाटत होतं. मायसाठी आपल्याला एक गोष्ट करता आली, जन्मात पहिल्यांदा, असं वाटत होतं. मी गाडीवर गुणगुणत होतो, लाज वाटते आता सांगायला.

घरी आलो, तोंड धुतलं आणि चार वाजायची वाट बघत बसलो. धून वाजली. एकच कप घेतला, साधा पांढरा. गाडीवाल्यानं दुसरा पुढं केला, मी म्हणालो नको. त्यानं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

मायच्या कपाळाला भंडारा लावला आणि तिला सांगितलं. गुरव काय म्हणाला, मी काय बोललो, सगळं. "आता तू मोकळी हायेस," म्हणालो, आणि चमचा भरला.

 मग तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. तिला उठून बसायचं होतं, बसता आलं नाही.

"कुणाला इचारून?"

"माय..."

"कुणाला इचारून सोडलंस? मी सोडलं ते तू जगावंस म्हणून. जगावंस अन् खावंस. रोज तू त्या गाडीला टेकून खातोस, ते मी हितून बघते. मला वाटतं, झालं, देवीनं दिलं. अन् तू सोडून आलास? मग मी एवढी वर्सं काय केलं रे?"

एवढं बोलून तिला धाप लागली. मी चमचा तसाच धरून बसलो. ही गोष्ट मला सुचायला पाहिजे होती. गुरवाला सुचली नाही ते ठीक आहे, तो परका माणूस. मला सुचायला पाहिजे होती.

"तुझा नवस लागत न्हाई," ती जरा वेळानं म्हणाली. "मायला न इचारता बोललेला नवस देवी धरत न्हाई."

"असं कुणी सांगितलं?"

"मी सांगतेय. खा ते."

"तू खा, मग मी खातो." लहान पोरासारखं मी घासाघीस करायला लागलो. "एक चमचा तू, एक मी."

तिनं आपल्या तोंडावर हात ठेवला. हाडकं झालेला हात, पण काढता आला नसता. कपातलं आइस्क्रीम कडेनं सुटायला लागलं होतं. तिचा नवस, माझा नवस, कुणाचाच मोडायचा नाही म्हटलं तर दोघांच्या मधे त्याचं पाणी होऊन जाणार होतं. बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "खावा की अवो. आत्याबाईंना तेवढं तर बघू द्या."

मी खाल्लं. मायच्या समोर बसून, चमच्यानं. ती प्रत्येक घासाला माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. कप संपत आल्यावर तिनं विचारलं, "कसं लागतंय रे हे? आमच्या येळला नुसतं लाल पाणी हुतं. ह्यात काय असतंय?"

"दूध असतंय, माय."

"अन्?"

"साखर."

"अन्?"

"गार असतंय."

"ते ठाव हाय मला," ती म्हणाली आणि वाट बघत राहिली. जन्मभर खाल्लं मी ते, दुकान बंद करून, गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून. कसं लागतं हे मला सांगता येईना. मी नुसतं गोड हाय, गोड हाय म्हणत राहिलो.

त्यानंतर रोज चारला मी कप आणायचो आणि तिच्यासमोर बसून खायचो. ती विचारायची, आज कसं हाय? मी म्हणायचो, चांगलं हाय. ती म्हणायची, नीट सांग. मी तोंडात घोळवून घोळवून बघायचो, पण शब्द सापडायचा नाही, आणि ती हसून डोळे मिटायची.

पाचव्या दिवशी गाडी आली, मी कप घेऊन बसलो, आणि तिनं काही विचारलं नाही. डोळे अर्धे उघडे होते, छातीत घरघर लागली होती. मावशी उशाशी बसून तिच्या ओठांना ओला कापूस लावत होती, साध्या पाण्याचा. मी खायला लागलो आणि सांगायला लागलो. आधी जीभ बधिर होते बघ माय, चव नंतर येते. रात्रीच्या दुधावर सकाळी साय धरते ना, तसलं लागतंय, पण गार. मग ते आपोआप सुटतं, गिळावं लागत नाही. गळ्यातून जाताना कळतं, छातीपर्यंत कळतं, आणि आग असली तर ती तेवढ्यापुरती विझते. मला सगळं सांगता येत होतं. बायको म्हणाली, "अवो, बस करा," तरी मी कप संपेपर्यंत सांगत राहिलो.